शिकवलेली चिनी टिकवणार कोण?

महोदय,

चीन सीमेवरील कालच्या लेखात ‘आपल्या सैन्यात चिनी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची आता वानवा नाही’ हे विधान वाचले आणि राहवले नाही. लेखकाने अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यांची संख्या पाहिली; त्यांतल्या किती जणांना समोरच्या चिनी अधिकाऱ्याचे बोलणे आज कळते, हे पाहायला हवे होते.

मी पायदळातला निवृत्त अधिकारी असून ही भाषा सैन्यातच शिकलो. दिल्लीचे परकीय भाषा विद्यालय 1948 पासून चालू आहे, पचमढीच्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रातही भाषा मनापासून शिकवतात. तेव्हा शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही, ती त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. अभ्यासक्रम संपताच माझी बदली राजस्थानात झाली आणि पुढची सहा वर्षे चिनीचा एक शब्दही कानावर पडला नाही. बरोबर शिकलेले कोणत्या ठाण्यावर आहेत, हे सांगणारी साधी यादीही कुणाकडे नव्हती. मग एके दिवशी, तीन दिवस आधी कळवून, सीमेवरच्या एका बैठकीला दुभाषी म्हणून मला बोलावण्यात आले.

विषय होता आपल्या हद्दीत भरकटलेल्या याकांचा. प्रमाण चिनीत दहाला ‘शि’ आणि चारला पडत्या सुरातला ‘सि’ यांच्या जवळपासचा उच्चार आहे. समोरचा अधिकारी सिचुआनचा होता. त्या बोलीत ‘श’चा ‘स’ होतो आणि ‘दहा’ पडत्या सुरात म्हणतात, म्हणजे पुस्तकावर तयार झालेल्या कानाला तो थेट ‘चार’ ऐकू येतो. आमच्या जवानांनी दहा याक राखून ठेवले होते आणि ते चारच मागत आहेत, असे मी आमच्या साहेबांना सांगितले. खोलीत शांतता पसरली. तेव्हा त्यांचा दुभाषी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलगा, पुढे झुकला आणि त्याने दोन्ही हातांची बोटे उघडून मला दाखवली. माझी कानशिले तापली, ती आठवण अजून गेलेली नाही. त्या दिवशी प्रश्न जनावरांचा होता, म्हणून निभावले. 6 जून 2020 पासून लडाख सीमेवरील चुशूल-मोल्डो येथे कोअर कमांडरांच्या पातळीवर ज्या बैठका झाल्या, त्यांत असा एक आकडा चुकला असता तर?

अमेरिकेच्या सैन्यात ‘फॉरेन एरिया ऑफिसर’ ही स्वतंत्र वाट आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरीच्या सैनिकी भाषा संस्थेत भाषा शिकायची, त्या प्रदेशात जाऊन राहायचे, त्यावरच पदव्युत्तर अभ्यास करायचा आणि पुढच्या नेमणुकाही बव्हंशी त्याच कामाच्या. शिवाय त्यांची आपली एक संघटना आहे, तिथे निवृत्त मंडळी नव्यांना हाताशी धरतात. ते सगळे जसेच्या तसे आपण उचलावे, असे मी म्हणत नाही. पण भाषा शिकलेल्यांची नोंद ठेवणे, वर्षातून एकदा त्यांना आठवडाभर एकत्र आणणे आणि वेगवेगळ्या बोलींतले ध्वनिमुद्रण त्यांच्यापर्यंत पोहोचवणे यांसाठी फार मोठा खर्च येणार नाही. 2023 मध्ये प्रादेशिक सेनेत मँडरिनचे जाणकार घेतले गेले, याचा मला मनापासून आनंद झाला. त्यांच्यावर तरी आमच्यासारखी वेळ येऊ नये. आमच्या तुकडीतले आम्ही दोघे दर रविवारी सकाळी फोनवर अर्धा तास चिनीतच बोलतो. त्या अर्ध्या तासात एखाद्या तरुण अधिकाऱ्याला सामील व्हायचे असेल, तर आम्ही दोघेही तयार आहोत.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखातील चौकटीत ‘चिनी’ आणि ‘मँडरिन’ या दोन निराळ्या भाषा म्हणून मोजल्या आहेत. आपले सैनिक जी चिनी शिकतात, तिलाच मँडरिन म्हणतात. त्यामुळे चौकटीतली बेरीज चुकली आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक निवृत्त कर्नल, पुणे