चाचा, तुमचा मल्टिमीटर माझ्याकडंच आहे

चाचा,

सलाम.

गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी तुमच्या रस्त्याला परवा गेले होते, तर बोळातलं तुमचं दुरुस्तीचं शटर बंद. झेरॉक्सवाला म्हणाला, पाडव्यापासूनच बंद आहे. गुडघे जिना चढू देईनात म्हणून तुम्ही औशाकडं शेतावर गेलात आणि आता गावातल्या पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर नीट करून देता म्हणे. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "राहू द्या हो ताई" म्हणता आणि पावसाचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांत लिहिते. चारचौघांदेखत तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

सुरुवात २०१६च्या एप्रिलपासून करते. लातूरकराला ते साल सांगावं लागत नाही, पण बाहेरचंही कुणी वाचेल म्हणून सांगते. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, आणि माझ्या दुकानात फॉर्म भरणाऱ्या पोरांची रांग. नेमक्या त्याच आठवड्यात दुकानातला पीसी, म्हणजे कॉम्प्युटर, झटके मारायला लागला.

झटके म्हणजे जोराचे नव्हेत. कॅबिनेटला, म्हणजे पीसीच्या पत्र्याच्या डब्याला, हात लागला की मुंग्या यायच्या. स्पीकरमधून घूंऽऽ आवाज, माउसचा बाण आपला आपण नाचायचा आणि प्रिंटरची यूएसबी वायर खोचली की पीसी रीस्टार्ट. एकानं येऊन एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला भाग, बदलला. पैसे गेले, मुंग्या राहिल्या. दुसऱ्यानं पीसी उघडून न बघताच मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटीच, गेला म्हणून सांगितलं. त्या महिन्यात मदरबोर्डाचे पैसे कुठून आणायचे होते मी?

तुम्ही आलात आणि कॅबिनेटकडं पाहिलंसुद्धा नाहीत. भिंतीजवळ उकिडवे बसलात, पिशवीतून वीज मोजायचा तो पिवळा मल्टिमीटर काढलात आणि प्लगच्या भोकांत दांड्या घालून आकडे बोलत गेलात. माझ्याच वहीच्या मागच्या पानावर ते उतरवायला लावलेत म्हणून आजही आहेत: फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, फेज-अर्थ ११६, न्यूट्रल-अर्थ ११०. "बगा ताई," तुम्ही म्हणालात, "शेवटचा आकडा दोन-तीनच्या आत पायजे. एकशेदहा म्हंजे तुमच्या घरात अर्थिंग न्हाईच."

मग तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मला आजवर एकाही इलेक्ट्रिशियननं सांगितलेलं नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही पत्र्याच्या अंगाला जोडलेले. विजेतला कचरा जमिनीत सोडायचा हे त्यांचं काम. जमिनीची वाटच तुटली की पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि २३०च्या निम्म्यावर येऊन थांबतो. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस चिकटत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण पीसी एका स्विचबोर्डावर आणि प्रिंटर दुसऱ्यावर, म्हणून तो करंट यूएसबीच्या बारीक वायरीतून वाट काढत होता. म्हणजे नवा एसएमपीएस घातला तरी मुंग्या येणारच होत्या, त्यातही तेच दोन कपॅसिटर.

मागच्या अंगणात न्हाणीशेजारी अर्थिंगचा खड्डा होता. आपली काळी माती वाळली की आक्रसते. पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट पडली होती, मीठ आणि कोळसा भुकटीसारखा कोरडा. तुम्ही म्हणालात, "पाणी आणा." मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "चाचा, प्यायला घागरभर नाही आणि खड्ड्यात कुठलं ओतू?"

"प्यायचं कोण मागतंय? भांड्याचं आणा. अर्थिंगला शिवाशिव नसती."

खरकट्या पाण्याच्या दोन बादल्या जमल्या, त्यातली एक शेजारणीकडची. ओतल्यावर तुम्ही लगेच दुसऱ्या कशाला हात लावला नाहीत. चहा प्यायलात, पाणी मुरू दिलंत, परत मोजलंत. एकशेदहाचे चौदा झाले. मग पाइपावरचा गंजलेला नट सोडवून पॉलिश पेपरनं घासलात, आवळलात, पुन्हा मोजलंत. दोन. मी विचारलं, दोन्ही एकदमच का नाही केलं, वेळ वाचला असता. तुमचं उत्तर होतं, "मग कळलं कसं असतं, पाण्यानं किती आणि नटानं किती?"

रिक्षाचे तीस रुपये तेवढे घेतलेत.

त्या दिवसापासून दुकानात दोनशे पानी वही आहे. तारीख, काय बिघडलं, कशाला हात लावला, मग काय झालं. पहिल्या वर्षी मी फार शिस्तीत वागले असं नाही. एकदा पीसी चालू करताच नुसता बीप-बीप करत बसला, तेव्हा घाईत रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, काढून खोडरबरानं घासली आणि त्याच झटक्यात हार्डडिस्कची केबलही बदलली. पीसी चालू झाला. मी आनंदानं फोन केला तर तुम्ही वैतागलात! "आता कशानं चालू झाला ते अल्लालाच ठाऊक," म्हणालात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बीप-बीप, तेव्हा मी फक्त रॅम घासली. चालू झाला. केबलचा काही दोष नव्हता, ती अजून खणात पडून आहे.

पण ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायचं होतं ती गोष्ट २०१९च्या दिवाळीनंतरची. दुकान पंधरा दिवस बंद होतं आणि मी माहेरी, परभणीला. परत येऊन बटन दाबलं तर काळ्या पडद्यावर काहीतरी चेकसमचं इंग्रजी आणि खाली एफ-वन दाबा. दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, मग निळा पडदा चमकला, पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा तेच. एका सर्व्हिसवाल्याकडं नेला. पाच मिनिटांत निकाल: विंडोज करप्ट, फॉर्मॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. सात वर्षांचं टायपिंग होतं त्यात. लोकांच्या पत्रिका, सातबाऱ्याचे अर्ज, एका सरांचा अर्धा झालेला प्रबंध. मी पीसी उचलला आणि घरी आणला.

तुम्ही तेव्हा उदगीरला लग्नात होता. मागं बँड वाजत होता. मी ओरडून सांगत होते आणि तुम्ही ओरडून विचारलंत, "घड्याळात कोणतं साल दिसतंय?" मला वाटलं तुम्हाला ऐकूच आलं नाही. चालू करताना डिलीट दाबून सेटिंगांच्या पडद्यावर गेले, तर १ जानेवारी २०११.

"आणि निळ्या पडद्यावर काय लिवलंय?"

तो डोळा लवायच्या आत जात होता. तुम्ही म्हणालात, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो थांबवून वाचा. तिसऱ्या खेपेला सापडलं: बरीच शून्यं आणि शेवटी ७बी. बँडच्या आवाजातही तुमचं हसणं ऐकू आलं. मदरबोर्डावरचा सेल संपला होता, सीआर२०३२, घड्याळात असतो तसाच पण जरा मोठा. तो संपला की बोर्ड तारीख विसरतो आणि आपण केलेल्या सगळ्या सेटिंगाही विसरतो. २०१२ला तुम्हीच विंडोज टाकताना सॅटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ठेवला होता. सेल गेल्यावर बोर्ड आपल्या मूळ आयडीई या जुन्या पद्धतीवर गेला, आणि विंडोजला ज्या दारातून डिस्क सापडायची ते दारच बदललं. डिस्क ठणठणीत, विंडोज ठणठणीत. पत्ता तेवढा चुकला होता.

चाळीस रुपयांचा सेल आणला. प्लग काढून ठेवला, नखानं खटका दाबून जुना सेल उडवला, नवा अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवला. तारीख टाकली, आयडीईचं एएचसीआय केलं, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. डेस्कटॉपवर सरांचा प्रबंध जिथं होता तिथंच. मी खुर्चीत बसूनच रडले. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

फॉर्मॅटनं पीसी चालू झालाच नसता असं मी म्हणत नाही. आयडीईवरच नवं विंडोज टाकलं असतं तर कदाचित झालाही असता, आणि मी त्या माणसाला दुवा देत पैसे मोजले असते. हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. सेल मेलेलाच राहिला असता, ते वेगळंच.

त्यानंतरचं थोडक्यात. विंडोज ७ सोडून १० घातलं, ते तुम्हाला माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचाही नेहमीचा आधार संपला. अकरा माझ्या मशीनला चालत नाही. माझा प्रोसेसर आय-थ्री दुसऱ्या पिढीचा, त्यांना आठवी लागते, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. नवा घ्या म्हणणारे पुष्कळ भेटले. तुमचं मत मला न विचारताच माहीत होतं, म्हणून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाकली आणि पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट चालवून पाहिलं, आधी न बसवता, नुसतंच. नेट लागलं, इनस्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी उमटलं, फॉर्मांच्या साइट उघडल्या, मगच बसवलं. जुना लेझर प्रिंटर मात्र लिनक्सला अजिबात जुमानत नाही. त्याच्यासाठी आणि जुन्या फाँटमधल्या पत्रिकांसाठी विंडोज दहाची डिस्क तशीच ठेवलीय, तिला नेट लावत नाही. तुम्ही नाक मुरडाल, पण आठ दिवस झटले आणि मग सोडून दिलं.

परवा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला, बारावीचा. कुठलीच साइट उघडेना, सगळीकडं 'सुरक्षित नाही'. व्हायरस आलाय म्हणून घाबरलेला, फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. मी हातातलं काम न सोडताच विचारलं, "घड्याळात साल कोणतं दिसतंय?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी उदगीरच्या त्या फोनकडं पाहिलं होतं.

मल्टिमीटर मागच्या उन्हाळ्यात तुम्ही विसरून गेलात तो इथंच आहे. काळ्या दांडीची वायर मुळाशी तुटत आली होती, तिला नळी चढवली, नऊ व्होल्टचा सेलही नवा घातला. औशाला येणारं कुणी असेल तर पाठवते, नाहीतर रविवारी मीच घेऊन येते. तुम्हाला स्टार्टरला लागत असेल.

आज सकाळी खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या. न्यूट्रल-अर्थ दीड आला.

तुमची,
फॉर्मवाली ताई
लातूर