परदेशी नोकरीच्या जाहिरातीत आरसी नंबर छापाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘दुबईत हेल्पर, स्टोअरकीपर, फोर्कलिफ्ट ऑपरेटर पाहिजेत. राहणे-जेवण मोफत. थेट मुलाखत. पासपोर्ट घेऊन भेटा.’ छोट्या जाहिरातींच्या पानावर अशा दोन ओळी आणि खाली एक मोबाइल नंबर असतो. नसतो तो एजंटाचा नोंदणी क्रमांक, ज्याला या धंद्यात आरसी नंबर म्हणतात. १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही परदेशातल्या कामासाठी माणसे भरता येत नाहीत. नोंदणी देताना सरकार एजंटाकडून बँक हमी घेते. बिननोंदणीचा एजंट बुडवून गेला तर मागे अशी कोणतीही हमी नसते. त्याच्याकडे असते फक्त दोन-तीन महिन्यांसाठी भाड्याने घेतलेले ऑफिस.

नंबर छापलेला दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नये. दुसऱ्याच एखाद्या खऱ्या एजन्सीचा आरसी नंबर स्वतःच्या लेटरहेडवर छापणारेही असतात. त्यामुळे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत तो नंबर शोधावा. नाव व पत्ता जुळतो का आणि नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की तिची मुदत संपली आहे, हे बघावे. नंतर फोन करायचा तो त्या यादीतल्या नंबरवर. जाहिरातीतला नंबर उचलणारा ‘हो, आम्हीच ते’ असेच सांगणार. यादीतल्या ऑफिसला दोनच प्रश्न विचारावेत: या कंपनीसाठी तुमची भरती सुरू आहे का, आणि हा माणूस तुमचा आहे का? ‘मी त्यांचा सब-एजंट’ असे कोणी म्हणत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण सब-एजंट नेमायची परवानगी नोंदणीकृत एजंटालाही नाही. आमच्या कोकणात नेमकी इथेच गफलत होते. शेजारच्या वाडीतला आहे, कुणाचा तरी मामेभाऊ आहे, म्हणून पैसे दिले जातात आणि पावती मागायचा संकोच वाटतो.

एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. लाख-दीड लाखाचा आकडा सांगून ‘निम्मे आत्ता, निम्मे व्हिसा आल्यावर’ म्हणणारा उघड कायदा मोडतो आहे. पैसे एजन्सीच्या नावावरच्या बँक खात्यातच भरावेत. ‘साहेबांच्या बायकोच्या नंबरवर जीपे करा’ असे सांगितले तर उठून यावे.

सगळ्यात नीट वाचायचा कागद म्हणजे व्हिसा. त्याची प्रत मोबाइलवर आली की व्हिसाचा प्रकार काय लिहिला आहे ते मोठे करून पाहावे. ‘टूरिस्ट’ किंवा ‘व्हिजिट’ असेल तर त्या व्हिसावर काम करणे बेकायदा ठरते. ‘तिथे गेल्यावर बदलून देतो’ या आश्वासनावर गेलेला माणूस पगार थकला तरी तक्रार करायला कचरतो, कारण पहिली चूक त्याच्याच गळ्यात येते. करारपत्रही जाण्याआधीच हातात हवे. त्यावर परदेशी मालक, एजंट आणि कामगार अशा तिघांच्या सह्या लागतात. मूळ पगार, भत्ते, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे तिकीट हे सगळे वेगवेगळे लिहिलेले असावे. नुसते ‘पगार १,८०० दिऱ्हाम’ असेल तर त्यातून जेवणाचे किती कापणार, ते तिथे पोहोचल्यावरच कळते.

शिकलेल्या मुलांसाठी आमिष वेगळे असते: बँकॉकमध्ये डिजिटल मार्केटिंग किंवा डेटा एंट्री, दहा मिनिटांची व्हिडिओ मुलाखत आणि तिकीटही कंपनीचेच. इथे कोणी पैसे मागत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. पुढे बँकॉकहून गाडीने माए सोतला नेतात आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या बंदिस्त आवारात कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्येच याबाबत इशारा दिला होता. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणावे लागले. थायलंडमध्ये नोकरीला ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा आणि वर्क परमिट लागते. या दोन्हींचे नावही न काढता कोणी ‘लगेच निघा’ म्हणत असेल तर अजिबात निघू नये.

मूळ पासपोर्ट मुलाखतीला देऊ नये, झेरॉक्स पुरते. एकदा तो एजंटाच्या कपाटात गेला की परत मिळवण्यासाठीच पैसे मागितले जातात. व्हिसाच्या कामासाठी द्यावाच लागला तर तारीख घातलेली पोच घ्यावी.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे, कारण पुढच्या खात्यातून ते निघाले नसतील तरच गोठवता येतात. परदेशी नोकरीविषयी शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा नंबर टोल फ्री आहे. जाहिरातीचे कात्रण, चॅट आणि पावत्या जपून ठेवाव्यात. मूळ जाहिरात हाती नसल्याने तक्रार लंगडी पडते.

संपादक महोदय, आपल्याला कळकळीची विनंती आहे. परदेशी नोकरीची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने आरसी नंबर मागावा, ई-मायग्रेटवर तपासावा आणि जाहिरातीतच छापावा. यादीत तो सापडला नाही तर जाहिरात परत करावी.

आपला,
परदेशी नोकरभरतीच्या कागदपत्रांची माहिती असलेला एक वाचक, चिपळूण