‘लाभार्थी’ हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

1 डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या, वर्षातून दोनदाच घ्यायच्या लेनाकापाविर या नव्या इंजेक्शनची माहिती इतक्या सोप्या भाषेत मी आधी कुठे वाचली नव्हती. शास्त्रज्ञ, डॉक्टर, सरकारं, औषध कंपन्या, सगळ्यांचं श्रेय ज्याचं त्याला दिलं आहे. आम्ही, म्हणजे एचआयव्हीसह जगणारी माणसं, मात्र त्या सबंध पानात एकाच वाक्यात आलो, आणि तिथे आमच्यासाठी शब्द होता ‘लाभार्थी’.

मला एचआयव्ही असल्याचं कळलं त्याला 21 वर्षं झाली. त्यातली 17 वर्षं मी एचआयव्ही झालेल्यांना साथ देण्याच्या कामात आहे. त्या एका शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

कागदोपत्री माझी नावं बदलत गेली. एका प्रकल्पात मी ‘पीअर एज्युकेटर’ होते, दुसऱ्यात ‘आउटरीच वर्कर’, मधली काही वर्षं नुसतीच ‘स्वयंसेविका’. काम तेच राहिलं. औषधाची तारीख चुकली की त्या माणसाला शोधायचं. नुकताच रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाशेजारी बसायचं. नवऱ्याला कसं सांगू, बायकोला कसं सांगू, या प्रश्नावर त्याच्याबरोबर रात्र काढायची. कुणी गेलं तर अंगाला हात लावायला घरचे धजत नसतील, तेव्हा आपण पुढे व्हायचं. हे शेवटचं आता क्वचित करावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत फार वेळा केलं.

एक प्रसंग सांगते. एक बाई होती, तिशीतली. औषध न्यायला दर महिन्याला वेळेवर यायची, पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, काही उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? ती हो म्हणाली. काउन्सेलरने विचारलं, तरी हो. शेवटी फाइलवर शेरा पडला, रुग्ण सहकार्य करत नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मी गोळ्यांचं काही विचारलंच नाही. बाटली कुठे ठेवतेस, एवढंच विचारलं. तिला रडू कोसळलं. घर एका खोलीचं, आणि प्लॅस्टिकची बाटली उचलली की गोळ्या खुळखुळतात. रात्रीच्या शांततेत तो आवाज घरभर जायचा. कसली गोळी, असं कुणी विचारेल या भीतीने, घरात कुणी जागं असलं की ती गोळी चुकवायची. मी पिशवीतून माझी बाटली काढली आणि तिच्या कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. झाकणाखाली कापसाचा बोळा दाबून बसवलेला होता. ही युक्ती मला आमच्या गटाच्या ताईंनी शिकवली होती, त्यांना त्यांच्याही आधीच्या कुणीतरी. पुढच्या तपासणीत तिचा व्हायरल लोड उतरला होता.

यात डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरात ती बाटली कधी वाजलेली नाही.

आता सांगा, त्या खोलीत लाभार्थी कोण होतं? तिला बरं वाटलं, हे खरं. पण गोळी आणि तिचं पोट यांच्यामधलं शेवटचं वीतभर अंतर कुणी पार करून दिलं? तेच आमचं काम, आणि ते आम्हाला येतं, कारण आमच्याही घरात ती बाटली वाजलेली आहे.

हा मान आम्ही आज मागायला लागलो असं कुणाला वाटू नये. 1983 च्या जूनमध्ये अमेरिकेत डेन्व्हर शहरातल्या एका आरोग्य परिषदेत एड्स झालेले दहा-बारा जण व्यासपीठावर चढले आणि त्यांनी एक निवेदन वाचून दाखवलं. तेव्हा औषध नव्हतं. रक्ताची तपासणीसुद्धा 1985 साली आली. म्हणजे आपल्याकडे किती दिवस आहेत याचा काही अंदाज नसलेली ती माणसं होती. आणि त्यांनी पहिली हरकत घेतली ती शब्दालाच. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, ‘रुग्ण’ आम्ही कधीमधी असतो, एरवी आम्ही एड्ससह जगणारी माणसं आहोत, असं त्यांनी सांगितलं. निर्णय जिथे होतात त्या प्रत्येक ठिकाणी आम्हाला बसू द्या, ही त्यांची मागणी होती. आणि आपल्या जोडीदाराला आजाराची कल्पना देण्याची जबाबदारी त्यांनी त्याच कागदात स्वतःवर घेतली होती. हा भाग लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते. त्या गटातला बॉबी कॅम्पबेल व्यवसायाने नर्स होता. 1981 मध्ये त्याने आपल्याच अंगावरच्या डागांचे फोटो सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावले होते, इतरांना हे डाग ओळखता यावेत म्हणून. 1984 मध्ये तो गेला.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती युगांडाची नोएरीन कालिबा. ती फिजिओथेरपिस्ट. नवरा परदेशात शिकायला गेलेला असताना त्याला एड्स असल्याचं तिला कळलं. 1987 च्या सुरुवातीला तो वारला. त्याच वर्षी तिने आणि आणखी 15 जणांनी मिळून ‘टासो’ ही एड्स झालेल्यांना आधार देणारी संस्था सुरू केली. त्यांतले बरेच जण स्वतः आजारी होते आणि एकेक करत गेले. सुरुवातीला त्यांच्याकडे द्यायला औषध नव्हतंच. ती माणसं एकमेकांच्या घरी जायची, जखमा धुवायची, मुलांचं पुढे काय करायचं ते बसून ठरवायची. औषध नसताना शुश्रूषा काय करू शकते, हे आफ्रिकेने जगाला दाखवलं ते अशा माणसांच्या हातून. मी या कामात आले तेव्हा गोळ्या मिळत होत्या. त्या नसताना हे काम करणाऱ्यांचा विचार मनात आला की माझा थकवा मला छोटा वाटतो.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आपल्या वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. डिसेंबर 1998 मध्ये गुगू द्लामिनी या तरुणीने आपल्याला एचआयव्ही आहे असं जाहीरपणे सांगितलं आणि त्याच महिन्यात तिला जमावाने मारलं. त्यातच ती गेली. त्याच महिन्यात केपटाउनमध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही सगळ्यांना औषध मिळावं म्हणून लढणारी संघटना सुरू झाली. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं मोठ्या अक्षरांत छापलेले टीशर्ट घालून लोक रस्त्यावर उतरले, ज्यांना एचआयव्ही नव्हता तेसुद्धा. सगळ्यांना औषध मिळेपर्यंत मी घेणार नाही, असं त्यांचे नेते झॅकी अखमत यांनी जाहीर केलं आणि ते 2003 पर्यंत पाळलं. ते योग्य होतं का? माझ्यासमोर बसलेल्या कुणाला मी असं कधीच करू देणार नाही. पण त्यांच्या कामातला मोठा भाग मला वेगळाच वाटतो. त्यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या बायकांना सीडी4 म्हणजे काय (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी), औषधाला विषाणू दाद देईनासा कसा होतो, हे त्यांच्या भाषेत शिकवलं. त्या बायकांनी ते दवाखान्याच्या रांगेत इतरांना शिकवलं. 2002 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सरकारला आदेश दिला, आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेविरापिन सरकारी दवाखान्यांतून द्या. तो खटला याच संघटनेने लढवला होता. त्या निकालामुळे वाचलेली मुलं आज विशीत असतील.

आपल्या लेखातल्या इंजेक्शनबद्दलही एक सांगायचं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ज्या चाचणीत लेनाकापाविर घेतलेल्या 2134 मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही, ती चाचणी त्या मुली तयार झाल्या म्हणून झाली. कुणाची तरी मुलगी सुई टोचून घेते आणि पुन्हा पुन्हा तपासणीला येते, त्यामागे तिथल्या वस्तीत फिरून शंका ऐकून घेणारं कुणीतरी असतं. पुढच्या लेखात त्यांच्यावर एक परिच्छेद आला तर मला फार आनंद होईल.

आणखी एक गोष्ट अशीच आमच्या लोकांनी घरोघर पोचवली. नियमित औषधाने व्हायरल लोड इतका खाली गेला की तपासणीत विषाणू सापडतच नाही, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. 2011 मध्ये एका मोठ्या अभ्यासाने लवकर उपचार केल्यास लागण 96 टक्क्यांनी कमी होते हे दाखवलं होतं. तरीही लोक गाफील होतील या काळजीने हे रुग्णाला सांगायला कितीतरी डॉक्टर कचरत राहिले. 2016 पासून एचआयव्हीसह जगणाऱ्यांनीच ‘न सापडणारा तो न पसरणारा’ हा निरोप जगभर लावून धरला. पहिल्यांदा मी तो एका जोडप्याला सांगितला, तेव्हा नवरा काही बोलला नाही. त्याने फक्त बायकोचा हात हातात घेतला. तिने नंतर मला सांगितलं, चार वर्षांत पहिल्यांदा.

कागदावर आमचं महत्त्व सगळ्यांना मान्य आहे. 1994 मध्ये पॅरिसला 42 देशांनी सह्या केल्या की एचआयव्हीसह जगणाऱ्यांना धोरणात सामील करून घेऊ. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तर आकडे ठरवले. तपासणी आणि उपचाराच्या सेवांपैकी 30 टक्के, सर्वाधिक धोक्यातल्या गटांसाठीच्या प्रतिबंधाच्या कामापैकी 80 टक्के, आणि भेदभाव हटवण्यासारख्या कामांपैकी 60 टक्के समुदायांच्या संस्थांनी चालवावं, आणि हे 2025 पर्यंत व्हावं. ते 2025 साल उजाडलं आणि 20 जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. कितीतरी देशांत सगळ्यात आधी घरी बसले ते आमच्यासारखे लोक. गोळ्यांचा पुरवठा जीवनावश्यक ठरला, गोळ्यांपर्यंत माणसाला आणणारे मात्र नाही.

हे आमच्याकडे त्याआधीही घडून गेलं आहे. आमच्या ताई 14 वर्षं गट चालवत होत्या. त्यांच्याकडे एक वही होती. तीत एकही नाव नव्हतं. प्रत्येकासाठी एक चित्र काढलेलं, कुणाला सायकल, कुणाला छत्री, कुणाला चांदणी. वही हरवली तरी कुणाचं बिंग फुटू नये म्हणून. प्रकल्प बंद झाला तेव्हा मानधन तीन महिने थकलेलं होतं. काम दुसऱ्या एका कार्यालयाकडे गेलं. तिथल्या नव्या मुलाने यादी समोर ठेवून फोन लावायला सुरुवात केली. वहीत ज्याच्यासाठी छत्री काढलेली होती, त्या माणसाला केलेला एक फोन त्याच्या भावाने उचलला. मुलाने कशासाठी फोन केला ते सरळ सांगून टाकलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की आधी फोनवर कोण आहे याची खात्री करायची, आणि तरीही आजाराचं नाव घ्यायचं नाही. छत्रीवाला माणूस त्यानंतर औषधाला आला नाही. त्याला शोधायला मला 7 महिने लागले. सापडला तेव्हा त्याचं वजन इतकं उतरलं होतं की मी आधी त्याच्या शेजारच्या माणसाशीच बोलायला लागले.

ताई आता दुसरीकडे हिशेब लिहायचं काम करतात. रात्री फोन येतात, त्या उचलतात. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

आमच्यातही दोष आहेत. काही गटांत वर्षानुवर्षं एकच माणूस खुर्ची धरून बसतो, हिशेब दाखवत नाही, नव्या पोरांना पुढे येऊ देत नाही. ट्रान्सजेंडर आणि देहविक्री करणाऱ्या बायांना आमच्याच बैठकीत मागच्या रांगेत बसवलेलं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा गप्प बसल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यावर खुशाल लिहा. पण काम करणारा म्हणून जाब विचारा. लाभार्थ्याला कुणी जाब विचारत नाही, हेही त्या शब्दाचं एक नुकसान आहे.

1 डिसेंबरला आम्हाला मनोगत सांगायला बोलावतात. 5 मिनिटं मिळतात. मी आजारी कशी पडले आणि सावरले कशी, तेवढं ऐकायचं असतं. पैसे कुठे आणि किती खर्च करायचे हे ठरतं त्या बैठकीला आम्हाला बोलावत नाहीत. तिथे एक खुर्ची हवी, मताच्या अधिकारासकट. आणि ताईंसारख्यांना मानधन नको, पगार हवा, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. जगात आज सुमारे 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतले 3 कोटी 16 लाख औषध घेत आहेत, हे 2024 चे आकडे. उरलेल्या 92 लाखांना शोधायला कोण जाणार आहे, याचा विचार अंदाजपत्रक करणाऱ्यांनी करावा.

आपल्याकडे माझी विनंती लहान आहे. तो शब्द पुढच्या वेळी वापरू नये. आणि पुढच्या पुरवणीआधी आपला वार्ताहर दिवसभर एखाद्या अशा कार्यकर्त्याबरोबर पाठवावा. फोटोग्राफर नको. फक्त वार्ताहर.

शेवटी नावाबद्दल. माझं नाव आणि पत्ता सोबत पाठवला आहे, तो छापू नये. माझ्या घरच्यांना, शेजाऱ्यांना माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे, मला लपवायचं काही नाही. पण माझं नाव छापून आलं तर उद्यापासून माझ्याशी रस्त्यात थांबून बोलणाऱ्या प्रत्येकाकडे लोक वळून बघतील. त्यांतल्या 11 जणांनी अजून घरी सांगितलेलं नाही.

आपली,
एक वाचक