ऑपरेशनला पैसे आहेत, गोळ्यांना नाहीत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सा. न.

मी नागपूरची. माझ्या लेकाला मीच किडनी दिली. सोमवारी सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर पुन्हा तेच ऐकलं, "टॅक्रो संपली, बाहेरून घेऊन घ्या." मागच्या महिन्यात याच खिडकीवर "पंधरा तारखेच्या आत येते" असा शब्द मिळाला होता. मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमणार नाही.

टॅक्रोलिमस म्हणजे ताकदीची गोळी नव्हे, साहेब. लेकाचं शरीर माझी किडनी परकीच समजतं आणि जन्मभर समजणार. ते तिच्यावर तुटून पडू नये म्हणून टॅक्रो, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. टॅक्रो सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने, घड्याळ बघून. रक्तातली लेव्हल घसरली की रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारतं. वाढली की तीच गोळी किडनी खराब करते, हात थरथरतात, साखर चढते. म्हणून कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा तपासावी लागते. खिडकीवर मात्र जी कंपनी आली ती हातात ठेवतात, आणि लेव्हलची तपासणी धंतोलीतल्या खासगी लॅबमध्ये आमच्या पैशाने. मागे असाच बदल झाला आणि रक्तातलं क्रिएटिनिन, जे किडनी बिघडली की वाढतं, ते 1.3 वरून 1.9 वर गेलं. भरती, बायोप्सी, स्टिरॉइडची इंजेक्शनं. ती किडनी माझ्या पोटातून काढलेली आहे. तिचा रिपोर्ट हातात घेताना मला काय होतं, हे तुमच्या कुठल्या फायलीत लिहिलंय?

एका किडनीवर मी पहाटेपासून डबे करते. नागपूरच्या मे महिन्यात शेगडीपुढे. त्यातले दहा-बारा हजार महिन्याला औषध दुकानात जातात. बांगड्या गेल्या. लेकाची नोकरीही गेली. सारख्या सुट्ट्या कोण देतो?

महात्मा फुले योजनेत प्रत्यारोपणाची रक्कम 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केलीत. चांगलं केलंत. डायलिसिस गरिबाला फुकट, तेही चांगलं. पण ऑपरेशन आणि डायलिसिस यांच्या मध्ये ज्या गोळ्या आहेत, त्याच तुमच्याकडे संपतात! गोळ्या थांबल्या की किडनी जाते, लेक पुन्हा डायलिसिसवर, आठवड्याला तीनदा, तुमच्याच खर्चाने. हा कुठला हिशेब? राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णाला या औषधांसाठी महिन्याला 10,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. ओपीडीच्या रांगेत माझ्या ओळखीच्या एकालाही ते मिळालेले नाहीत. अर्ज कुठे करायचा, हेही कोणी सांगत नाही.

3 ऑगस्टला अवयवदान दिन होतो. भाषणं होतात, शपथा होतात. दान केलेल्या आईला खिडकीवर परत पाठवताना ती शपथ कुठे जाते? गडचिरोली-गोंदियाचे पेशंट आदल्या रात्री निघतात आणि रिकाम्या हाताने परततात. 1953 च्या नागपूर करारामुळे तुमचं सरकार दर हिवाळ्यात इथे येतं. रस्ते रंगतात, गाड्यांचे ताफे फिरतात, विदर्भाच्या नावाने गळे काढले जातात आणि गाड्या मुंबईला परत जातात. आमची मतं मोजायला यंत्रणा आहे, आमच्या गोळ्या मोजायला नाही. टेंडर अडकलं म्हणतात. अडकवलं कोणी? एकाचा तरी पगार थांबला का?

मला एवढंच हवं आहे : तीन महिन्यांचा साठा कायम ठेवा, एकाच कंपनीची गोळी द्या, लेव्हलची तपासणी फुकट करा, दहा हजारांच्या तरतुदीचा अर्ज खिडकीवर लावा. घरी टॅक्रो शनिवारच्या सकाळपर्यंत पुरेल. त्याआधी उत्तर द्या.

एक आई,
नागपूर