नेब्रास्काची मोजणी

लिंकन, नेब्रास्का

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनाने सांगते, म्हणून या वेळी लिहूनच पाठवते आहे. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

विमानाच्या खिडकीतून काढलेला इथल्या शेतांचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. बाबांनी मात्र जुन्या मोजणीदाराच्या नजरेने विचारलं, "ही गटांची आखणी कुणी केली? एकही बांध वाकडा कसा नाही?" इथे राहून मला 11 वर्षं झाली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग जरा वाचलं, दोन ठिकाणी जाऊन आले.

बाबा, ही आखणी 1785 च्या कायद्याची. अमेरिका हा देश नवा, सरकार कर्जात, आणि पश्चिमेकडची जमीन विकून पैसा उभा करायचा होता. त्यासाठी सगळीकडे 6 मैल बाय 6 मैलांचे चौकोन आखायचे, त्यात एकेक चौरस मैलाचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा 640 एकर. त्याचा चतकोर म्हणजे 160 एकर. आणि मोजायचं कशाने? साखळीने! सतराव्या शतकातल्या एडमंड गुंटर नावाच्या इंग्रजाची 66 फुटी साखळी. तुमची 33 फुटी, म्हणजे त्यांची एक म्हणजे तुमच्या बरोबर दोन. त्यांच्या साखळीचा एक चौरस म्हणजे आपले 4 गुंठे, असे 10 चौरस झाले की एकर. हे वाचलं तेव्हा घरच्या ओट्यावर तेल लावून ठेवलेली तुमची साखळी आठवली.

फरक आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे. तुम्ही बांध बघून नकाशा काढायचात. कोण कसतो, वहिवाट कुणाची, विहिरीत हिस्सा किती, पंच काय म्हणतात, हे सगळं टिपणात यायचं. इथे आधी कागदावर रेघा मारल्या आणि मग त्या रेघांवर बांध घातले. मध्ये नदी आली तरी रेघ सरळ. झाडं नसलेल्या माळावर कोपऱ्याची खूण म्हणून मातीचा ढीग रचायचे आणि खाली कोळसा पुरायचे, कारण कोळसा कुजत नाही. एक गंमत सांगते. इथला रस्ता मैलोन्‌मैल सरळ जातो आणि एकदम कारण नसताना कोपरा घेतो. पहिल्यांदा गाडी चालवताना मी घाबरले होते. पृथ्वी गोल, उत्तरेकडे जाताना रेघा एकमेकींच्या जवळ येतात, चौकोन बसेनात. म्हणून अधूनमधून रेघ सरकवून चूक जिरवली आहे. तुमच्या भाषेत, मेळ बसवला.

आता मालकीचं. 1803 मध्ये नेपोलियनने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा प्रचंड मुलूख अमेरिकेला दीड कोटी डॉलरला विकला. हैतीतल्या गुलामांच्या उठावात आणि पिवळ्या तापात त्याचं सैन्य संपलं होतं, इंग्रजांशी युद्ध तोंडावर होतं, त्याला हा पसारा नको होता. एकरी 3 सेंटही पडले नाहीत. (त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचं सैन्य हरलं. दोन खंडांत एकदमच सातबारे बदलत होते म्हणा ना.) तुम्ही लगेच विचाराल की विकणाऱ्याचा ताबा होता का? नव्हता. न्यू ऑर्लिन्स आणि नदीकाठची थोडी वस्ती सोडली तर तिथे ओसेज, पॉनी, ओटो, पोंका, लाकोटा अशा कितीतरी जमाती राहत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढचं भराभर झालं. 1845 मध्ये टेक्सास, 1846 मध्ये इंग्रजांशी तह करून ओरेगन, आणि 1848 मध्ये युद्ध हरलेल्या मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासह जवळपास अर्धा देश. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरणं हे देवानेच आपल्या नशिबी लिहिलंय, असं तेव्हाची वर्तमानपत्रं छापत होती. देवाच्या नावावर फेरफार घालायला काय लागतं!

इथून तासाभरावर बिअट्रिस नावाचं गाव आहे. 1862 च्या कायद्याने 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची. थोडी फी भरायची, घर बांधायचं, पाच वर्षं राहून कसायची. कायदा लागू झाला 1 जानेवारी 1863 ला, आणि त्याच दिवशी अर्ज केलेल्या डॅनियल फ्रीमनची जमीन आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. लाकूड नव्हतं म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून घरं बांधली. पावसात छत गळायचं, वर साप. एकट्या बायका, विधवा, परदेशातून आलेले गरीब, गुलामीतून सुटलेले, सगळ्यांना अर्ज करता येत होता. त्यांचे कष्ट मी खोटे म्हणणार नाही. आपल्याकडे दोन एकरांसाठी भावाभावांत तीन पिढ्यांचे दावे चालतात, तिथे 160 एकर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण ती मोकळी जमीन मोकळी झाली कशी, हे विचारलं की गोष्ट पोंकांपाशी येते. बाबा, हा भाग सावकाश वाचा.

पोंका ही उत्तर नेब्रास्कात नायोब्रारा नदीकाठी मका पिकवणारी लहान जमात. सरकारशी कधी लढले नाहीत. तह करून बरीचशी जमीन दिली आणि उरलेली तहानेच त्यांच्या नावावर राहिली. मग 1868 मध्ये सरकारने लाकोटांशी वेगळा तह केला आणि त्यांच्या हद्दीत पोंकांची जमीनही लिहून टाकली. चुकून! पोंकांना न विचारता, त्यांच्या वैऱ्यांच्या नावावर. तुमच्याकडे अशी चूक झाली असती तर दुरुस्तीचा अर्ज, नोटीस, सुनावणी. इथे चूक कबूल झाली, पण कागद दुरुस्त करण्याऐवजी 1877 मध्ये माणसं हलवली, 500 मैलांहून लांब, आजच्या ओक्लाहोमात. तिथे हिवतापाने माणसं पटापट गेली.

त्यांचा एक प्रमुख होता, स्टँडिंग बेअर. त्याची मुलगी वाटेत गेली, मग मुलगा गेला. मरताना मुलाने मागितलं होतं की मला आपल्या नदीकाठी पुरा. 1879 च्या जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तीसेक माणसांसह मुलाच्या अस्थी घेऊन तो चालत निघाला. पोचायच्या आधीच सैन्याने पकडलं. ओमाहाच्या कोर्टात खटला झाला. दोन वकील फी न घेता उभे राहिले, त्यातला एक चक्क रेल्वे कंपनीचा वकील. आपला हात उंचावून स्टँडिंग बेअर म्हणाला, याचा रंग वेगळा आहे, पण टोचलं तर तुमच्यासारखंच रक्त येईल. 12 मे 1879 ला न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, हाही कायद्याने व्यक्तीच आहे. म्हणजे तोवर ते ठरायचं होतं! मुलाला त्याने नदीकाठीच पुरलं.

इथे शहरात त्याचा पुतळा आहे. ऑफिसातून येताना मी त्याच्यासमोर थांबले आणि मला आई आठवली. आई, धरणात गेलेलं तुझं माहेर मी पाहिलं नाही. पण मे महिन्यात पाणी उतरलं की आजोबा एकटेच निघून जायचे, चिखल तुडवत, संध्याकाळी पाय माखून परत यायचे, हे तू सांगायचीस. तुझा तो पहिला भाऊ, सहा महिन्यांचा, तिथे पुरलेला. मोबदल्याच्या कागदात घर होतं, गोठा होता, आंब्याची चार झाडं होती. त्याचा रकाना नव्हता.

जूनमध्ये याल तेव्हा नायोब्राराला जाऊ. गाडीने चार तास आहेत, मध्ये थांबत जाऊ, बाबांनी गुडघ्याचा पट्टा आणावा. साखळी मात्र आणू नका, विमानतळावर समजावत बसावं लागेल.

आणि आई, तुझ्या त्या भावाला जिथे पुरलं ते झाड बोरीचं होतं की उंबराचं? मला दोन्ही ऐकल्यासारखं वाटतं. लिहून कळव.

तुमची,
धाकटी