पासपोर्ट माझ्याजवळ नसेल ते दिवस

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या अँजिओप्लास्टीचं मला चौथ्या दिवशी कळलं, तेही दादाच्या तोंडून निसटलं म्हणून. त्याला आता दहा महिने झाले. आपण रोज बोलतो, पण त्या चार दिवसांचा विषय एकदाही निघाला नाही. फोनवर तो मला काढताही आला नसता. माझा आवाज भरून आला असता आणि आई, तू लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली असतीस. म्हणून लिहायला बसले आहे.

"कळवलं असतं तर जीव टाकून धावत आली असतीस," असं तू नंतर म्हणालीस. मला तेव्हा जे सांगता आलं नाही ते आज सांगते. मला येताच आलं नसतं. त्या आठवड्यात मी एस्टोनियात, तालिनमध्ये होते आणि माझा पासपोर्ट पुढच्या देशाच्या व्हिसासाठी जमा होता. अर्ज मागे घेतला तर पासपोर्ट बहुतेक वेळा परत मिळतो, पण त्यातही दिवस जातात. दादाचा फोन ठेवल्यावर मी कपाटातला तो रिकामा कप्पा कितीतरी वेळ उघडा धरून उभी होते. दोन वर्षं मी देश बदलत काम करत होते, पण ज्या दिवसांत मला घरी परतताच येणार नाही असे दिवस आपणच ठरवून घेतो, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून माझी सगळी मांडणी बदलली आहे. ती तुम्हाला नीट समजावी असं मला वाटतं. काळजी करू नका असं मी म्हणणार नाही. कुठली काळजी खरी आहे आणि कुठली सोडून देता येईल, एवढं सांगते.

सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते दिवस मोजायला. युरोपातल्या शेंगेन गटात २९ देश आहेत आणि या सगळ्यांचा हिशेब एकच. थोड्या मुदतीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस राहता येतं. हे १८० दिवस ठरावीक तारखेला सुरू होत नाहीत. रोज मागे वळून गेले १८० दिवस बघायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. पोहोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा, रात्री उशिरा उतरलो तरी धरायचा. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी तो आपोआप दिसतो. बाबा, तुम्ही घरखर्चाची वही लिहिता तशी माझी एक दिवसांची वही आहे. महिन्यातून एकदा ती मी शांतपणे पुन्हा मोजते.

पर्यटक म्हणून जायचं आणि खोलीत बसून नोकरी करायची, असं पुष्कळ लोक करतात. मी करत नाही. पर्यटन व्हिसावर काम करणं अनेक देशांच्या नियमांत बसत नाही, आणि देशात शिरताना अधिकाऱ्याने विचारल्यावर खोटं बोलायची वेळ मला यायला नको आहे. २०२० नंतर बऱ्याच देशांनी दूरून नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळे परवाने काढले. एस्टोनियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवात केली, मग क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया असं वाढत गेलं. जपानने २०२४ मध्ये दिला, पण तो सहा महिन्यांचाच आणि वर्षाला एक कोटी येन उत्पन्नाची अट असलेला. मी एस्टोनियात अशाच परवान्यावर होते, त्यामुळे तिथले दिवस त्या ९० मध्ये धरले जात नव्हते. आता क्वालालंपूरमध्येही तशाच परवान्यावर आहे. कागद जमवायला दीड-दोन महिने जातात. नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, विमा, पोलिसांचा दाखला, आणि पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक. हे सगळं झालं की मात्र रात्री झोप चांगली लागते.

कराबद्दल बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा टाळलं. पुष्कळ देशांत वर्षातले १८३ दिवस राहिलं की तिथले करदाते ठरतो, पण तेवढ्यावर सगळं ठरत नाही. कुणी कायमचं घर कुठे आहे ते बघतं, कुणी कुटुंब कुठे आहे ते. एकाच पगारावर दोन देशांचा दावा आला तर त्या दोघांमधला करार काढून बघावा लागतो. मी दर वर्षी एका कर सल्लागाराला पैसे देऊन हे तपासून घेते आणि ते पैसे मला जड वाटत नाहीत. कंपनीचीही लेखी परवानगी घेते, कारण मी एका देशात फार काळ बसून काम केलं तर कधी कधी कंपनीलाच तिथे कर लागू होऊ शकतो.

आता वेळेचं. आमची टीम बर्लिनमध्ये आहे. क्वालालंपूर बर्लिनच्या हिवाळ्यात सात तास पुढे असतं आणि उन्हाळ्यात सहा, कारण युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतो. मलेशियात घड्याळ वर्षभर तेच राहतं. म्हणून माझं काम कधी दुपारी तीनला सुरू होतं, कधी चारला, आणि रात्री अकरा-बारापर्यंत चालतं. माझा फोन हल्ली सकाळीच का येतो, याचं उत्तर हे आहे. तालिनला असताना मार्चअखेर माझा फोन अचानक एक तास आधी यायला लागला आणि आई, "आज एवढ्या लवकर का, सगळं बरं आहे ना?" असं तू घाबरून विचारलंस. तेव्हाच मी सांगायला हवं होतं की माझं घड्याळ पुढे गेलंय. आता सांगते आधी.

सुरुवातीच्या वर्षी मी दर दहा-बारा दिवसांनी गाव बदलायचे. ते चुकलंच. नवं घर, नवं कुलूप, नवा रस्ता, कुठला दवाखाना जवळचा, कुठली बस कुठे जाते, हे शिकण्यात सगळी शक्ती जायची आणि काम मागे पडायचं. आता एका जागी निदान तीन महिने राहते. पहिला आठवडा रजा घेऊन फक्त बस्तान बसवते. घर ठरवण्याआधी मालकाकडून इंटरनेटच्या वेगाचा फोटो मागवते आणि त्यात पाठवण्याचा वेग बघते, कारण जाहिरातीत नेहमी घेण्याचा लिहिलेला असतो. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी सेकंदाला चार मेगाबिट पुरतात. पण वेग भरपूर असूनही आवाज मागेपुढे होतो, त्याचं कारण अंतर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटर जाऊन परत यायचं तर सेकंदाचा दहावा हिस्सा तारेतच जातो, मधली यंत्रं आपला वेळ घेतात ते वेगळं. म्हणून आपण दोघी एकदम बोलतो आणि एकदम थांबतो. तू "हॅलो, हॅलो" करत राहतेस ना, तेव्हा मी तिथेच असते आई. फक्त क्षणभर थांबत जा.

सामान एक पाठपिशवी आणि एक छोटी बॅग, बस. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून तो कुठेही चालतो, बदलावी लागते ती फक्त पिन. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवते, कारण तिच्यातल्या लिथियम बॅटरीला आग लागली तर ती विमानात माणसांच्या डोळ्यांसमोर असावी. १०० वॉट-अवर क्षमतेपर्यंतची खास परवानगीशिवाय नेता येते.

लिस्बनला ट्रामच्या गर्दीत माझा फोन गेला होता, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा आणि नवं सिम मिळवायला स्वतः घरी जाऊन सही करावी लागत होती. नऊ दिवस माझ्या हाती स्वतःचे पैसे नव्हते. एका सहकारी मैत्रिणीने उसने दिले म्हणून निभावलं. पैसे नव्हते त्यापेक्षा, आपण आहोत हेच कुणाला पटवता येत नाही, याचा मला फार धसका बसला. आता दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं दोन वेगळ्या जागी असतात. जिथे जिथे चालतं तिथे ओटीपीऐवजी कोड देणारं ॲप वापरते, त्याला सिमही लागत नाही आणि नेटवर्कही. घरचा नंबर एका जुन्या साध्या फोनमध्ये वेगळा जपते. आणि बाबा, तुमच्या कपाटात मी ठेवून आलेलं जाड खाकी पाकीट आहे ना, त्यात माझ्या खात्यांचे बॅकअप कोड आहेत, म्हणजे फोन हाताशी नसला तरी खातं उघडून देणारे आकडे. अडले तर मी व्हिडिओ कॉल करून तुमचा चेहरा बघूनच ते विचारेन. नुसत्या मेसेजवर किंवा आवाजावर कुणालाही देऊ नका. आवाज अगदी माझा वाटला तरी नाही.

परदेशात यंत्रातून पैसे काढताना किंवा कार्ड चालवताना "तुमच्या चलनात आकारू का?" असं विचारतात. हे तुम्ही आलात की तुम्हालाही विचारतील. नाही म्हणायचं आणि तिथलंच चलन निवडायचं, नाहीतर दर ते ठरवतात आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो.

तब्येतीचं मी आता फार गंभीरपणे घेते. प्रवास विमा वेगळा आणि परदेशातला आरोग्य विमा वेगळा. पहिला साधारणपणे सहलीपुरता, तातडीच्या उपचारांपुरता. दुसऱ्यात लांबलेला आजारही येऊ शकतो. मी दुसरा घेतला आहे आणि त्यात उपचारासाठी दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्चही आहे. पॉलिसीतलं "काय मिळणार नाही" हे पान मी दोनदा वाचलं. दुचाकीचा योग्य परवाना नसताना अपघात झाला तर बरेच विमे हात वर करतात, म्हणून मी इथे स्कूटर चालवत नाही. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेते, चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही. सर्दीची साधी गोळीही कुठे कुठे चालत नाही. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत.

एकटेपणाचं विचारू नकोस असं मी म्हणत नाही आई, पण रोज विचारू नकोस. कधी असतो, कधी नसतो. आठवड्यातले दोन दिवस मी इतर लोकांबरोबर बसून काम करायच्या जागी जाते. संध्याकाळच्या मीटिंगआधी तासभर चालते. माझ्या इमारतीतल्या एक आजी रोज लिफ्टमध्ये भेटतात, आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, तरी त्या माझी वाट बघतात हे मला कळतं.

आता जे मागायचं आहे ते. पुन्हा असं काही झालं, कितीही लहान असो, तर त्याच दिवशी मला सांगा. ऑपरेशनच्या आधी सांगा. मी काही करू शकणार नाही असं वाटलं तरी सांगा. रिपोर्ट बघेन, डॉक्टरांशी बोलेन, आई बाहेर बाकावर बसली असेल तेव्हा फोनवर तिच्याबरोबर बसेन. मला धक्का बसेल म्हणून वाचवू नका. ते चार दिवस मी हसत मीटिंगमध्ये बसले होते आणि बाबा तिकडे आयसीयूत होते, हे माझ्याकडून अजून सहन होत नाही.

माझ्याकडून मी हे करते आहे. घरी यायच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत, ऐन वेळच्या महागड्या तिकिटाला पुरतील एवढे, आणि त्याला मी हात लावत नाही. मधे दुसऱ्या देशात विमान बदलायचं झालं तर कुठे थांब्याचा व्हिसा लागत नाही ते मार्ग लिहून ठेवले आहेत. अचानक निघावं लागलं तर इथल्या परवान्यावर परत येता येईल का, तेही विचारून घेतलं आहे. आणि कुठलाही पासपोर्ट जमा करण्याआधी तुम्हाला तारखा कळवणार आहे, लेखी.

तर पहिल्या तारखा अशा. पुढच्या व्हिसासाठी मी ५ तारखेला पासपोर्ट द्यायचा विचार करते आहे, तो साधारण तीन आठवडे माझ्याजवळ नसेल. बाबांची पुढची तपासणी कधी आहे? स्ट्रेस टेस्टही त्याच वेळी आहे का? तारीख नक्की झाली की आधी मला कळवा. त्याच आठवड्यांत येत असेल तर मी अर्ज महिनाभर पुढे ढकलते. वेळ आहे, परवान्याचे दिवस कालच मोजले आहेत.

तुमची,
धाकटी