एआय शिकवायला घेतोयस, तर घाटापासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या सेमिस्टरला एआयचा पहिला पेपर तुझ्या वाट्याला आलाय, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारलंस, की आजची मुलं खिशात चॅटबॉट घेऊन वर्गात बसतात, त्यांना १९६८ सालचं सर्च, म्हणजे यंत्राने पायरी-पायरीने वाट शोधायची पद्धत, कशाला शिकवायचं? थेट उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कला हात का घालू नये? आमच्या विभागातही बरेच जण हेच म्हणतात. माझं मत नेमकं उलट आहे, आणि ते ठाम आहे. सर्च काढू नकोस. पहिला महिना त्यालाच दे.

कारण असं, की कोट्यवधी वजनं (शिकताना बदलत जाणारे आकडे) असलेल्या नेटवर्कने अमुकच उत्तर का दिलं, हे फळ्यावर उलगडून दाखवणं आपल्या हातात नाही. सर्चमध्ये ते जमतं. यंत्राने कुठल्या पायरीला काय निवडलं, कशाच्या जोरावर निवडलं आणि घसरलं असेल तर नेमकं कुठे घसरलं, हे मुलांना वहीत पडताळून बघता येतं. एकदा ही सवय लागली की पुढे कुठलंही मॉडेल समोर आलं तरी ती ‘असं का?’ विचारतात. मला या विषयातून एवढं एकच हवं असतं.

माझा ठरलेला नकाशा पुणे ते महाड. वाटा दोन: भोरवरून वरंध घाट उतरायचा, नाहीतर ताम्हिणीतून माणगाव गाठायचं आणि तिथून महाड. आकडे मी ढोबळ आणि हिशेबाला सोयीचेच घेतो, म्हणजे बेरजा तोंडी होतात. पुणे-भोर ५० किलोमीटर, भोर-महाड ६०. पुणे-माणगाव १००, माणगाव-महाड २५. महाडचं हवाई अंतर भोरहून ४५, माणगावहून २०. हे हवाई अंतर म्हणजे आपलं ह्युरिस्टिक, उरलेल्या वाटेचा अंदाज.

आधी ग्रीडी, म्हणजे अधाशी, पद्धत लावायची. ती फक्त पुढे किती उरलंय ते बघते. माणगावहून २०, भोरहून ४५, म्हणून ती माणगाव धरते आणि १२५ किलोमीटर तुडवून महाडला पोचते. मग ए-स्टार. तो आतापर्यंत चाललेलं अंतर आणि उरलेल्याचा अंदाज यांची बेरीज करतो. भोरचे ५० आणि ४५ मिळून ९५, माणगावचे १०० आणि २० मिळून १२०. म्हणून आधी भोर उघडलं, म्हणजे तिथून पुढच्या वाटा तपासल्या. महाड ११० वर हाती आलं, माणगाव १२० वर यादीत तसंच पडून राहिलं आणि आपण थांबलो. का थांबलो, हे वर्गाला कळल्याशिवाय पुढे सरकू नकोस. माणगावहून रस्ता अगदी रेघेसारखा सरळ असता, तरी १२० च्या आत महाड आलंच नसतं. म्हणजे त्या वाटेला न जाताच आपण खात्रीने सांगतो, की ती लांबची आहे. सगळ्या धड्याचा जीव इथे आहे.

मग कोणीतरी हात वर करतंच: “सर, घाटात हवाई अंतर कुठे चालतं? तिप्पट धरू या की.” अडवायचं नाही, त्यालाच फळ्यापाशी बोलवायचं. भोर ५० अधिक १३५, झाले १८५. माणगाव १०० अधिक ६०, झाले १६०. आता माणगाव आधी उघडतं, महाड १२५ वर मिळतं, ते १८५ पेक्षा कमी, म्हणून ए-स्टार तेच उत्तर देऊन मोकळा होतो. ११० चा रस्ता बाजूलाच राहिला! अंदाज प्रत्यक्षाहून जास्त असता कामा नये, ही अट मुलं एरवी परीक्षेपुरती पाठ करतात. इथे ती मोडली की काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असतं. आणि महाडकडचा कोणी वर्गात असला तर तो सांगतोच, की पावसाळ्यात दरडींमुळे वरंध बंद असतो. भोर-महाड ही जोडणी खोडायची आणि पुन्हा सोडवायचं: आता १२५ हेच बरोबर. पण खोडायला विसरलो, तर ए-स्टार तितक्याच खात्रीने बंद घाटाकडे बोट दाखवेल. तो खात्री देतो ती फळ्यावरच्या ग्राफची, म्हणजे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या नकाशाची. ग्राफ बरोबर ठेवणं हे माणसाचं काम आहे, आणि पुढे डेटावर बोलताना मला हाच घाट पुन्हा कामाला येतो.

ए-स्टार ही पद्धत हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शोधली, ती ‘शेकी’ नावाच्या चाकांवरच्या रोबोला खोलीतून वाट काढता यावी म्हणून. तो शेकी आज कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात उभा आहे. त्याचा फोटो जरूर दाखव.

इतिहासावर फार वेळ घालवू नकोस, पण १९५६ च्या डार्टमथच्या एआय परिषदेचा प्रस्ताव सांग. दहा माणसं, दोन महिने, एवढ्यात मोठी मजल मारू, असं त्यात लिहिलं होतं. पर्सेप्ट्रॉनला, म्हणजे एका थराच्या साध्या न्यूरल नेटवर्कला, एक तास पुरतो: आलेख-कागदावर एक्सऑरचे (दोन इनपुट वेगळे असतील तरच उत्तर १) चार ठिपके काढायला लाव आणि १ वाले नि ० वाले एका रेषेने वेगळे करायला सांग. ते जमत नाही. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एका थराच्या याच मर्यादा गणिताने मांडल्या होत्या. नंतर थर वाढले, बॅकप्रॉपगेशनचा, म्हणजे उत्तरातल्या चुकीवरून मागे जात वजनं दुरुस्त करण्याच्या पद्धतीचा, १९८६ चा निबंध आला, आणि त्याच्या लेखकांपैकी हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रॅक्टिकलला मात्र एलायझा ठेवच. एमआयटीत वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये मांडलेला हा प्रोग्राम समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारतो. मी तो मराठीत करायला देतो. ‘माझी आई मला समजून घेत नाही’ हे ‘तुझी आई तुला समजून घेत नाही, असं का वाटतं?’ असं फिरवणं सोपं. पण ‘मी थकले’ आलं की ‘थकलीस’ आणि ‘मी थकलो’ आलं की ‘थकलास’ हवं, आणि तिथे मुलं नियमांवर नियम रचत बसतात. पंचवीसेक नियमांत तो प्रोग्राम बऱ्यापैकी बोलायला लागतो. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता, तरीही त्याच्याशी बोलताना तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. ही गोष्ट त्यांनी स्वतः नोंदवली आहे. मुलांनी नियम आपल्या हाताने लिहिल्यावरच ती सांग. तेव्हा ती आत उतरते.

सबमिशनचं विचारलं होतंस. मी चॅटबॉटवर बंदी घालत नाही. कोड कुठूनही आणा, पण व्हायवाला मी एका जोडणीचा आकडा बदलणार आणि तुम्ही खडू हातात घेऊन सांगायचं, की आता कुठला नोड, म्हणजे ग्राफवरचं ठिकाण, आधी उघडेल. मार्क त्याचे. ज्याने समजून केलंय तो मिनिटभर थांबून बोलायला लागतो, आणि ते ऐकणं हा माझ्यासाठी सेमिस्टरमधला सगळ्यात सुखाचा भाग असतो.

तुझ्या मुलांना पुणे-महाड देऊ नकोस, तुझ्याकडे खाडी आहे. दापोली ते गुहागर घे. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, नाहीतर चिपळूणवरून वळसा. इथे किलोमीटर चालणार नाहीत, मिनिटं धरावी लागतील, बोटीची वाट बघण्यासकट. ह्युरिस्टिकसाठी हवाई अंतराला वाटेतल्या सगळ्यात जास्त वेगाने भागायला लाव. सरासरी वेगाने भागलं तर अंदाज कधीकधी जास्त येईल आणि पुन्हा तिप्पटवालं दुखणं. शेवटची बोट सुटल्यावर ग्राफचं काय करायचं, हा प्रश्न मुलांवरच सोड. त्यांनी धक्क्यावर जाऊन मोजलेली मिनिटं मला पाठव, माझ्या व्हायवाला तोच ग्राफ ठेवीन.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
मित्र